वजन कमी पडलं तेव्हा

मी दवाखान्यातला वजनकाटा बोलतोय. नव्वदच्या सुमारास मला एका कारखान्यात घडवलं, पांढरा रंग दिला आणि नारायणगावच्या एका दवाखान्यात आणून ठेवलं. माझ्यावर चढताना माणसं चपला काढतात, खिशातल्या किल्ल्या बाजूला ठेवतात, श्वाससुद्धा रोखून धरतात. जणू श्वासालाही वजन असतं! मला मोठी गंमत वाटायची.

पुढे काही वर्षांनी पुण्याहून एक डॉक्टरीणबाई येऊ लागल्या. पोट भरलं तरी खाणं थांबवता येत नाही, असा एक आजार असतो. त्यावरच्या नव्या गोळीचा अभ्यास चालला होता आणि त्यासाठी माणसं निवडायची होती. काहींना खरी गोळी मिळणार, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. आपली कोणती, हे कुणालाच कळणार नव्हतं. एवढं ऐकूनही माणसं 'चालंल' म्हणायची. कधीही न भेटणाऱ्या माणसांच्या भल्यासाठी! मी थक्क होऊन पाहत राहायचो.

एक दिवस पिंपळवंडीची उज्ज्वला आली. सोबत सासू, बायडाबाई. डॉक्टरीणबाईंनी मायेनं विचारलं, तशी उज्ज्वला मान खाली घालून बोलू लागली.

"जेवण झालेलं असतं. तरी दाराआड उभी राहून भाकरी खाते. शिळी, कोरडी, घावंल ती. पोट दुखाया लागतं, पण हात थांबत न्हाई. मग लाजंनं जीव नकोसा व्हतो."

बायडाबाईंनी तोंडाला पदर लावला. "आगं, मी तर तुला हावरी म्हणत व्हते. ह्यो आजार व्हता व्हय?"

मग उज्ज्वला माझ्यावर उभी राहिली. शेतात राबून शिडशिडीत झालेलं अंग. काटा सरकला, थरथरला आणि थांबला. अभ्यासात घ्यायला जेवढं वजन लागायचं, तेवढं भरलं नाही. आजार खरा, तरी निवड नाही! काटा थोडा पुढे ढकलावा असं मला फार वाटलं.

"बाई, हिच्या ओटीत दोन धोंडे घालू का?" बायडाबाई कळवळून म्हणाल्या.

उज्ज्वलाचे डोळे भरले होते, तरी ती हसली. "नको आत्या. माझ्यासारख्या अजून लई बाया असतील. माझ्या खोट्यापायी त्यांचं औषध चुकाया नको."

अंग एवढंसं आणि मन केवढं!

डॉक्टरीणबाईंनी तिचा हात हातात घेतला. "अभ्यासात जागा नाही, उज्ज्वलाताई. पण उपचार त्याच्याबाहेरही आहेत. दर आठवड्याला याल माझ्याशी बोलायला?"

"आणते की मी तिला," बायडाबाईच म्हणाल्या. आणि खरंच आणत राहिल्या. डॉक्टरीणबाईंनी पुण्याला, अभ्यास चालवणाऱ्यांना फोन लावून सांगितलेलंही मी ऐकलं, "पुढच्या वेळी बारीक माणसांनाही धरा. आजार वजन बघून येत नाही."

आता माझी स्प्रिंग ढिली झालीय. दवाखान्यात नवा वजनकाटा आला आणि मी व्हरांड्यात आलो. माणसांनो, घरात कुणी चोरून खाताना दिसलं, तर हसू नका. त्याच्याजवळ बसा, विचारा.

परवा समोरच्या बाकावर सासू-सुना लाडू खात होत्या. अर्धा खाऊन झाल्यावर उज्ज्वला थांबली. उरलेला लाडू तिनं फडक्यात बांधला.

"पुरं झालं, आत्या," ती म्हणाली.

बायडाबाई त्या फडक्याकडे बघतच राहिल्या. मीही.