कुंपणावरची शिदोरी

ब्रॉनविनने वडिलांच्या पुढची ताटली उचलली आणि कचऱ्याच्या डब्यावर तिरकी केली. भाजलेलं मटण, कुस्करलेला बटाटा, मटार, सगळं जसंच्या तसं घसरून आत पडलं. मर्विन खिडकीबाहेर बघत होते. मटणाशी त्यांचं काही भांडण नव्हतं. त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं.

“बाबा, दोन घास तरी.”

“भूक नाही गं. उद्या खाईन.”

हा उद्या काही उजाडत नव्हता. हिवाळ्यात आई गेली, तेव्हा ब्रॉनविनने हट्टाने त्यांना शेतावरून गावातल्या आपल्या घरी आणलं. जन्मभर लोकांच्या रानांना तारेची कुंपणं घालत हिंडलेला माणूस आता मऊ खुर्चीत बसून तिच्या डोळ्यांदेखत वाळत चालला होता. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, पुढच्या तपासणीला वजन आणखी उतरलं तर शुश्रूषागृहात हलवावं लागेल. मर्विननी ते ऐकून नुसती टोपी डोक्यावर चढवली होती. तिथे गेले की ते परत यायचे नाहीत, हे ब्रॉनविनला कळत होतं. त्या भीतीपोटी ती रोज एक पदार्थ जास्त वाढत होती.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तिची लेक टॅमसिन पाय हलवत बसली होती.

“आजोबा, सोमवारी मला वर्गात कोआलावर बोलायचंय. ऐका, आणि चुकलं तर सांगा.”

“मला काय कळतंय त्यातलं? ते अस्वल तुझ्या आईचं लाडकं.”

“तुम्हीच चुकलात. कोआला अस्वल नसतोच. आई पोटाच्या पिशवीत पिल्लू वाढवते, आणि जन्मतं तेव्हा ते घेवड्याच्या दाण्याएवढं असतं.”

“तूही काही फार मोठी नव्हतीस.”

“आणि त्याच्या बोटांचे ठसे अगदी माणसासारखे असतात.”

“म्हणजे चोरी करायची सोय नाही बिचाऱ्याला.”

“आणि तो जवळजवळ दिवसभर झोपतो.”

“त्याला कुणी काही बोलत नाही. मी जरा डोळे मिटले तर तुझी आई नाडी बघायला येते.”

ब्रॉनविन हसली नाही. तिने कात्री घेतली आणि परसात गेली.

जखमी कोआला सांभाळायचं काम ती बरीच वर्षं करत होती. सध्या परसातल्या जाळीच्या खोपट्यात डॉट नावाची मादी होती. मोटारीच्या धक्क्याने तिचा पाय मोडला होता. तिन्हीसांजेला निलगिरीच्या ताज्या फांद्या कापायच्या, पाण्याच्या नळकांड्यात उभ्या खोचायच्या आणि खांबाला तारेने बांधायच्या, हा ब्रॉनविनचा नेम होता. टॅमसिन मागोमाग आलीच. तिचा आवाज खणखणीत, आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडी.

“आई, शेवटची गंमत ऐक. हीच पानं तोडून थाळीत ठेवली ना, तर कोआलाला कळतच नाही ती खायची असतात म्हणून. पुढ्यात ढीग असला तरी उपाशी बसतो. त्याला फांदीवरच हवीत.”

“हो, ठाऊक आहे मला,” ब्रॉनविन म्हणाली.

ठाऊक होतंच. म्हणून तर ती रोज फांद्या बांधत होती. तिने तारेचा पीळ निम्मा दिला आणि तिचा हात थांबला. खिडकीत वडील दिसत होते, पुसून लख्ख केलेल्या टेबलाशी, रिकाम्या हातांनी. डॉटने वरून हात लांबवून एक फांदी ओढली आणि खायला सुरुवात केली.

रविवारी दुपारी ब्रॉनविनने टेबल मांडलंच नाही.

“बाबा, मागच्या कुंपणाची तार ढिली झालीय. बघता का जरा?”

मर्विन कुरकुरत उठले. परसाच्या टोकाला कोपऱ्यातल्या खांबावर त्यांची जुनी कॅनव्हासची पिशवी लटकत होती. तिच्यात पकड होती, थर्मासात काळा चहा होता, आणि वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधलेला पुडा होता. आत जाड पाव, खारवलेलं गोमांस आणि मोहरीचं लोणचं. आई जन्मभर त्यांना असंच बांधून द्यायची.

ते पिशवीकडे बराच वेळ बघत राहिले. मग तार ताणली, पिळली, बोटाने वाजवून पाहिली. पुढच्या दोन तारांनाही हात लावला, त्या धड असताना. आणि मग खांबाला पाठ टेकून खाली बसले आणि सुतळी सोडू लागले.

टॅमसिन धावत सुटणार, तोच ब्रॉनविनने तिचा सदरा मागून धरला.

“जाऊ नकोस. बघूही नकोस.”

स्वतः मात्र ती पडद्याआडून बघत होती, आणि डोळे पुसत होती.

मर्विन उन्हं उतरल्यावर आत आले.

“ती तार कुणी सोडली होती?”

“वाऱ्याने असेल.”

“वाऱ्याकडे पकड असते वाटतं.” त्यांनी टोपी काढली. “लोणचं कमी पडलं. तुझी आई जास्त घालायची.”

“उद्या घालते.”

“आणि तू गं,” ते टॅमसिनकडे वळले, “वर्गात कोआलाचं सांग. माझं सांगू नकोस.”

मग त्यांनी वर्तमानपत्राची नीट घडी केली, सुतळीचं वेटोळं केलं, दोन्ही पिशवीत ठेवलं आणि पिशवी दारामागच्या खिळ्याला अडकवली, सकाळी ब्रॉनविनच्या हाताला लागेल अशी.