बाबांच्या उंचीचा मांडव

जपानातल्या आमच्या कात्सुनुमात द्राक्षांचा मांडव मालकाच्या मापाने बांधतात. तारा डोक्याच्या चार बोटं वर ताणायच्या, म्हणजे सरळ उभं राहून हात उचलला की घड हातात येतो. आमच्या बाबांचा मांडव सगळ्या वाडीत बुटका, कारण बाबाच बुटके. शेजारचे इवाओकाका बागेत शिरताना म्हणायचे, "तोकुजीकडे आलं की आपोआप वाकून नमस्कार घडतो."

अशा घरात मी घरजावई आणला तो होक्काइदोचा, दाराची चौकट ज्याच्या भुवयांना लागते असा. कोसाकुला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बाबा मला स्वयंपाकघरात घेऊन गेले आणि म्हणाले, "नात्सुए, माणूस बरा दिसतो. पण याला बागेत घडी घालून न्यावं लागेल."

चौदा वर्षं तो घडी घालूनच वावरला. उन्हाळ्याच्या तोंडाशी एकेका घडाला पावसापासून जपायला कागदाची टोपी घालायची असते. अशा हजारो टोप्या तो गुडघ्यात वाकून, मान तिरकी करून घालायचा. पुढे पुढे रस्त्यानेही वाकून चालायला लागला. विजेच्या तारांना भितोस की काय, असं मी चिडवायचे. तो हसायचा. असा माणूस मिळायला नशीब लागतं, हे मी त्याला कधी सांगितलं नाही, डोक्यावर चढला असता.

यंदा टोप्या संपल्या आणि त्याची कंबरही संपली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आणखी एक वर्ष असं वाकलात तर ऑपरेशन. त्याने गुपचूप कोफू शहरात बसून करायची नोकरी शोधली, जानेवारीपासूनची. तो गेला की बाबा एक्क्याऐंशीचे, आणि मी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. आजोबांनी लावलेले कोशू द्राक्षांचे वेल तोडावेच लागणार होते.

तुम्ही म्हणाल, मांडव उचलायचा की. पण आमच्या वाडीत मांडव उचलतात तो मालक गेल्यावर. मग नवा मालक आपल्या मापाने बांधून घेतो. आजोबा गेले तेव्हा तिशीतल्या बाबांनीही एकेक खांब स्वतः बसवला होता. बाप जिवंत असताना मांडवाचं नाव काढणं म्हणजे तुम्ही कधी जाताय असं विचारणं. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मी तोंडाळपणा करून ते विचारून बसले होते. बाबा दोन दिवस आमच्यासोबत जेवले नाहीत. त्यानंतर कोसाकुने मला तो विषय काढू दिला नाही.

तोडणी झाली, क्रेट वाडीच्या सामायिक वाइनघरात गेले. तिथलं छत उंच आहे. रस आंबत होता तेवढे दिवस कोसाकु टाक्यांमधून ताठ फिरायचा, आणि मला वाटायचं, हा माणूस खरा असा आहे तर. नोव्हेंबरात नवी वाइन घरी आली. नेहमीप्रमाणे मोठ्या बाटलीतून चहाच्या पेल्यांत ओतली, सोबत मुळ्याचं लोणचं. तेव्हा त्याने सांगून टाकलं.

"बाबा, जानेवारीपासून मी कोफूत नोकरीला जातोय."

"काम काय?"

"फोन घ्यायचे. बसून."

"खुर्ची चांगली आहे का?"

"आहे."

"मग ठीक." बाबांनी त्याचा पेला पुन्हा भरला. "यंदा जरा आंबट झालीय, नाही?"

मला इतका राग आला की मी उठून भांडी आपटत घासली. चौदा वर्षं वाकलेल्या माणसाला एवढंच विचारायचं? त्या दिवसापासून बाबांशी मी कामापुरतं बोलत होते.

डिसेंबरात पानं गळली, छाटणी उरकली. एका रविवारी सकाळी बागेतून माणसांचा आवाज आला. खिडकीतून पाहिलं तर इवाओकाकांचा छोटा ट्रक, दहाबारा माणसं, जॅक, करवती. बाबांनी वेल तोडायला माणसं आणली, असंच मला वाटलं. मी चपला उलट्या घालून धावले. कंबर धरून कोसाकु मागून आला.

"कुणाला विचारून तोडताय?" मी ओरडले.

"तोडतंय कोण?" बाबा म्हणाले. "बाजूला हो, तुझ्या पायाखाली खांब आहे."

खाली नवे खांब ओळीने मांडले होते. चांगले लांब.

इवाओकाका डोकं खाजवत उभे होते. "तोकुजी, पुन्हा एकदा विचार कर. जिवंत माणसाचा मांडव आम्ही आजवर उचललेला नाही."

"मग आज शिका. आणि जावयाच्या डोक्यावर चार बोटं ठेवा, हात आखडता घेऊ नका."

माणसं जॅकपाशी वाकली. बाबांनी एक-दोन म्हटलं की सगळ्यांनी एकदम दांडा दाबायचा, नाहीतर जुने वेल पिळवटून फाटतात. दर खेपेला मांडव बोटभर वर जायचा. सगळी बाग कुरकुरत होती. मी खांब धरून उभी होते आणि माझा चेहरा ओला झाला होता, तो पुसायला हात मोकळा नव्हता.

दुपारी शेवटची तार ताणून झाली. कोसाकु आत शिरताना सवयीने वाकलाच.

"सरळ हो," बाबा म्हणाले.

तो हळूहळू, एकेक मणका मोजल्यासारखा सरळ झाला. वर बघितलं, मग बाबांकडे. "बाबा, आता तुमचा हात पोचणार नाही."

"एक्कावन्न वर्षं हात वर करून उभा आहे," बाबा म्हणाले. "आता खाली करू दे की."