दोन सह्यांची पेटी

काका पेटी मांडीवरून खाली ठेवायला तयार नव्हते. मांडव्याहून सुटायला बोटीला पाच मिनिटं होती आणि बोटीवरचा माणूस तिसऱ्यांदा येऊन म्हणाला, "आजोबा, सामान पायाशी ठेवा ना. गर्दी आहे."

"हे सामान नाही," काका म्हणाले.

"मग काय आहे?"

"निवडणूक."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "राहू दे त्यांच्या मांडीवर. तुमचं काय जातंय? पेटीचं पण तिकीट फाडा हवं तर." तो गेला. माझं असंच होतं, डोकं तापायला वेळ लागत नाही. शाळेशी पण त्यानेच बिनसलं, ते जाऊ दे.

पेटी पत्र्याची. कधीकाळी हिरवी असणार. वर एक चीर, कुलपावर लाखेचा गोळा, आणि झाकणावर चिकटवलेल्या कागदाच्या पट्टीवर दोन सह्या. एक लांबलचक, शेपटीवाली, यज्ञेश्वरकाकांची. दुसरी नुसतंच "अंबिका". ती काकीची, लग्नाच्या आधीची.

काका म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. अलिबागला पंचायत समितीत जावक टेबलावर एकतीस वर्षं बसले. पत्रांवर नंबर मारायचे आणि पत्रं बाहेर पाठवायची. पत्रं कुठे कुठे गेली. काका चौलला परत आले, रोज, साडेसहाच्या एसटीने. दोन वर्षं झाली मी त्यांच्याकडेच राहते. काकी गेल्या माघात गेली.

कॉलेजात असताना मात्र काका मुंबईला विद्यापीठाच्या विद्यार्थी मंडळाचे सेक्रेटरी होते. पुढच्या वर्षी अध्यक्षपदाला उभे राहिले. समोर काकी उभी होती, नागावची. कॉलेजाकॉलेजातल्या प्रतिनिधींनी मतं टाकली आणि मोजणीच्या सकाळी कुठेतरी मारामारी झाली. विद्यापीठाने निवडणूकच रद्द केली. मंडळाच्या खोलीला कुलूप लागायचं होतं. काळूराम शिपायाने रजिस्टरं आणि पेटी काकांच्या हातात दिली, म्हणाला, "सेक्रेटरी तुम्ही ना? मग न्या, मी कुठे ठेवू?"

काकी दारातच उभी होती. म्हणाली, "हा एकटा नेणार? म्हणजे उघडून बघायला मोकळा?"

मग ठरलं. सीलवर दोघांच्या सह्या. पेटी एक आठवडा चौलला, एक आठवडा नागावला. दर रविवारी एकाने एसटीतून पेटी दुसऱ्याकडे पोचवायची, सील तपासायचं, चहा प्यायचा, भांडायचं, निघायचं. असं दीड वर्ष चाललं. शेवटी काकीची आई म्हणाली, ह्या पेटीला एकाच घरी ठेवायचं काहीतरी बघा आता.

"विश्वास नव्हता म्हणून लग्न केलं," काकी सगळ्यांना सांगायची.

उघडली मात्र कधीच नाही. दिवाळी झाली की काकी अंगणात चटई टाकून रजिस्टरांना ऊन दाखवायची, आणि पेटीच्या चिरेतून एक डांबराची गोळी आत टाकायची. काका झोपाळ्यावरून विचारायचे, "मत टाकलंस काय गं?" मग दोघांचं सुरू व्हायचं. काका म्हणायचे, "मीच आलो असणार निवडून." आणि काकी, हातात रजिस्टर असो की विळी असो, मान वर न करता म्हणायची, "झोपेत."

मी कितीदा म्हटलं, उघडा की एकदाची. दोघं मिळून माझ्यावरच चिडायची.

आणि मग विद्यापीठातून कोणा क्षिप्रा मॅडमचं पत्र आलं. जुन्या विद्यार्थी मंडळाचे कागद जपून ठेवायला त्यांनी एक खोली केलीय, तुमच्याकडे काही असेल तर द्या. काकांनी पत्र आठ दिवस उशीखाली ठेवलं. नवव्या दिवशी म्हणाले, "देऊन टाकू, इरा. माझ्यामागे कोण ऊन दाखवणार त्यांना?"

मी बोलणार होते, मी दाखवीन की. नाही बोलले. मी कुठेच टिकत नाही, हे त्यांना पण माहीत आहे आणि मला पण.

सकाळी सदूची रिक्षा आली. तो म्हणाला, "काय काका, पेटी घेऊन सासरवाडीला का काय?" काका हसले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि खिशाला पेन लावलं होतं, मत द्यायला निघाल्यासारखं.

बोट सुटली. धुकं नव्हतं, पण पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं झालं होतं, आणि मधली रेघ कोणीतरी पुसून टाकल्यासारखी. काका डोळे मिटून बसले. माझ्या पिशवीत सात रजिस्टरं होती. वेळ जाईना म्हणून मी एक काढलं. मंडळाच्या सभांमध्ये कोण काय बोललं ते सगळं लिहिलेलं. काका बोलले की दोन पानं. विद्यार्थ्याचं स्थान काय, उद्याचा समाज कसा. काकी बोलली की अडीच पानं, वर काका कुठे चुकले ते. आणि प्रत्येक सभेच्या शेवटी एक ओळ, "दयाराम, म्हसळा, यांनी वसतिगृहात नळाला पाणी येत नसल्याचे सांगितले." पुढच्या सभेत पुन्हा तीच ओळ. अकरा सभा, अकरा ओळी.

"काका, हा दयाराम कोण?"

"कोण दयाराम?"

"म्हसळ्याचा. नळवाला."

काकांनी डोळे न उघडता आठवून बघितलं. "होता कोणीतरी. तो पण उभा होता वाटतं. तिसरा." आणि पुन्हा पेटीवर हात ठेवून पेंगायला लागले.

विद्यापीठातली खोली थंडगार होती. क्षिप्रा मॅडम हातमोजे घालून रजिस्टरं उघडत होत्या. वयाने फार मोठ्या नव्हत्या. प्रत्येक रजिस्टराला काकीने वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं आणि वर शाळेतल्या बाईंच्या अक्षरात वर्ष लिहिलं होतं, कारण ती बाईच होती, प्राथमिक शाळेत.

"किती छान ठेवलंय, सर! एकसुद्धा पान गेलं नाहीये."

"आमच्या हिने," काका म्हणाले.

मग मॅडमनी पेटीकडे बघितलं. "ही उघडावी लागेल."

"ही तशीच ठेवायची. बंद."

"बंद नाही घेता येत, सर. आत कीड असली तर बाकीच्या कागदांना लागते. आणि आत काय आहे ते लिहिल्याशिवाय नंबर पडत नाही."

नंबराशिवाय कागद हलत नाही हे काकांना कोणी सांगायला नको. तरी ते उठले. "मग परत नेतो."

माझं डोकंच सटकलं. एवढ्या लांबून, एवढं ओझं घेऊन. मी म्हटलं, "कशाला परत? आता भांडायला आहे कोण तुमच्याशी? काकी गेली, काका. आता उघडली काय आणि नाही काय!"

मॅडमनी खाली मान घातली. काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा पुसला.

"तेच तर," ते म्हणाले. "एवढंच उरलंय, इरा. निकाल लागला की ते पण संपलं."

मला वाटलं आपलीच जीभ हासडून टाकावी. पण मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, आपल्याकडची हवा दमट. घरी बघणारं कोणी नसेल तर दोन-चार पावसाळ्यांत आत लगदा होईल. मग काहीच राहणार नाही."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं.

शेवटी त्यांनी पेटी टेबलावर ठेवली. "उघडा. मी बाहेर बसतो. निकाल मला सांगायचा नाही. कोणीच." दारापर्यंत गेले आणि वळले. "दोघांच्या समक्ष उघडायची असं ठरलं होतं. माझी परवानगी आहे. अंबिकाच्या बाजूने ही बसेल."

मॅडमनी एका कागदावर मला सही करायला सांगितली. मी काकीच्या नावापुढे सही केली. माझी सही अजून धड बसलेली पण नाही.

लाख फुटली तेव्हा फार छोटा आवाज झाला. झाकण उचललं आणि आमच्या घरातलं कपाट उघडल्यासारखा वास आला. डांबराच्या गोळ्या विरून गेल्या होत्या, शेवटच्या दोन-तीन तेवढ्या साबुदाण्याएवढ्या उरल्या होत्या. कीड नव्हती. एकाही कागदाला नव्हती. मतपत्रिका काल टाकल्यासारख्या.

मी घड्या उलगडायच्या आणि मॅडमनी तीन गठ्ठे करायचे. आम्ही काकांच्या आणि काकीच्या गठ्ठ्याकडेच बघत होतो. कधी हा वर, कधी तो वर. मी मनात काकीच्या बाजूने ओरडत होते. तिसऱ्या गठ्ठ्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं, तो घसरून पडला तेव्हा गेलं.

एकशे ब्याऐंशी मतं. काकी सदतीस. काका एकेचाळीस. दयाराम, म्हसळा, एकशे चार.

मॅडम हसल्या. मी पण हसले. मग दाराच्या काचेतून काका दिसले, बाकावर, गुडघ्यांवर हात ठेवून, रिझल्टच्या दिवशी मुलं बसतात तसे. दोघींचं हसू तिथेच राहिलं.

"लिहावं तर लागणार," मॅडम म्हणाल्या.

"लिहा. तो अकरा वेळा नळाचं बोललाय."

परतीच्या बोटीवर ऊन तिरकं झालं होतं. सगळी माणसं उन्हात विरघळल्यासारखी, कडा नसलेली. मला प्रत्येक म्हातारा दयाराम वाटायला लागला. समोर एकजण पिशवी घेऊन बसला होता आणि पिशवीतून नळाची नवी तोटी बाहेर आली होती. मला उठून त्याला सांगावंसं वाटलं, अहो, तुम्ही निवडून आलाय, चाळीस वर्षं झाली. कुठेतरी खरा दयाराम मिरच्यांना पाणी घालत असेल आणि त्याला काहीच माहीत नसेल. कळलेली गोष्ट मी आजवर दहा मिनिटं पोटात ठेवलेली नाही. बोट मांडव्याला लागायला पाऊण तास होता.

काका खूप वेळ पाण्याकडे बघत होते. मग म्हणाले, "कीड होती काय गं?"

"एक पण नाही. गोळ्यांचा वास होता नुसता."

त्यांनी मान हलवली. लांब किनाऱ्यावरच्या माडांची काळी रेघ दिसायला लागली तेव्हा, माझ्याशी नाही, पाण्याशीच बोलल्यासारखे म्हणाले,

"मीच आलो असणार."

बोलून ते थांबले. थोडं थांबायची सवयच होती त्यांना तिथे.

मी मान वर केली नाही.

"झोपेत," मी म्हटलं.

काका दचकून वळले. माझ्याकडे बघत राहिले. मग ओठांच्या कोपऱ्यातून हसले, हुशारीने, आता पुढचं भांडण सुचलेल्या माणसासारखे, आणि पाय लांब करून डोळे मिटले. दोन्ही हात मांडीवर तसेच होते, मधे पेटीएवढी जागा सोडून.