बोडीवरची राख

पंचहो, तुम्ही बोडीपर्यंत, गावच्या त्या लहान तळ्यापर्यंत, गेलाच नाहीत. चावडीच्या सावलीत बसल्या बसल्या शकुबाई परटिणीचा घाट बंद केलात, आणि वर पानं खाल्लीत.

झालं होतं एवढंच. पाऊस उघडला आणि नागभीडकडच्या त्या खेड्यातल्या बोडीच्या निवांत पाण्यावर, कोपऱ्यात, करडी साय धरली. शकुबाई राखेनं कपडे धुते हे साऱ्यांना ठाऊक. तेव्हा राख तिचीच. पिण्याचं पाणी नासवलं म्हणून गावानं तिला कपडे देणं थांबवलं. बाळंतिणीच्या धडुत्यापासून मयताच्या चादरीपर्यंत ज्यांचं सारं तिनं धुतलं, त्यांच्या दारावरून ती रिकामी परतू लागली. नवरा गेल्यापासून हा घाटच तिचं शेत होता. सुगीला धान मिळायचं ते त्याच्यावर.

पंधरवडा तिनं कसाबसा काढला. मग एका सकाळी जाऊन ती साय तिनं स्वतः पाहिली; एका कोपऱ्यापुरती होती ती आता दोन कोपऱ्यांत पसरली होती. बोट लावलं तर राख टुणकन उडाली. पाण्यावर न बुडता चालणारे, मोहरीहून बारीक किडे होते ते. गडव्यात तेच पाणी घेऊन ती तडक मुख्य पंच गुणवंतरावांच्या ओसरीवर गेली.

"भाऊ, राख कधी उड्या मारते का?"

गुणवंतराव वाकले. गडव्यातली राख त्यांच्या मिशीखाली नाचत होती. शेजारी बसलेला नथ्थू फिदीफिदी हसला. "बाईनं राखीले बी नाचाले शिकवलं."

गुणवंतराव हसले नाहीत. डोळ्यांनी दिसलं ते नाकारता येईना, आणि दिलेला निकाल गिळताही येईना. सावकाश म्हणाले, "किडे हायत, खरं हाय. पण पडले कशानं? तुह्या राखीनंच ना."

शकुबाईनं गडवा उचलला, पायरीपर्यंत गेली. हात जोडावेत, पाया पडावं, असं क्षणभर तिच्या मनात आलं. ती मागं वळली खरी, पण पाया पडायला नाही. गडवा त्यांच्यापुढं ठेवून तिनं ओसरीवरच बैठक मारली.

"घाट बंद केल्यापासून माही चिमूटभर राख पडली नाई तिथं. तरी किडे दुप्पट झाले. आता कोणाच्या राखीनं, भाऊ? सांगा. सांगतल्याबिगर मी उठत नाई."