मोरूच्या खिशातली डबी

मी एक जुनी तंबाखूची डबी आहे. ॲल्युमिनियमची, दोन्हीकडून उघडणारी. एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना. मित्रांनो, नाक मुरडू नका. तंबाखू वाईटच, पण माझ्यात काय भरायचं ते मला कोण विचारतो?

कारखान्यात यंत्राने मला दाबून आकार दिला. तेव्हा दुखलं की नाही, आठवत नाही. शिळफाट्याच्या बाजारात मोरूने मला घेतलं. तो लोधिवलीजवळचा; थोडी भातशेती आणि एक टेंपो. आमच्याकडे डबी मागायला ओळख लागत नाही. शेजारी बसलेल्याने नुसता हात पुढे करायचा आणि मालकाने ती द्यायची. नाही म्हणणं म्हणजे अपमान. त्यामुळे मी दिवसभर हातोहात फिरायचे. ते माझे मानाचे दिवस होते.

मग मोरू वाळत गेला. सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं, एचआयव्ही निघाला. रोज एक गोळी घेतली तर माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याची बायको मैना, तिचं रक्त चांगलं निघालं. घरी येऊन मोरू प्यायला बसला आणि मग रोजच बसू लागला. मैना भाबडी. दारूवर गोळी घेतली की विष होतं, असं तिला कुणीतरी सांगितलेलं. तो पिऊन आला की ती गोळ्यांची बाटली तांदळाच्या डब्यात लपवायची. नवऱ्याला जपायच्या नादात ती त्याचं औषधच बंद करत होती. मोरूचं वजन उतरत राहिलं.

दवाखान्याने साईनाथला पाठवलं. साईनाथ डॉक्टर नव्हे. त्यालाही हाच आजार, आणि एकेकाळी तोही पीतच होता. म्हणून अशा माणसांशी बोलायचं काम त्याला शिकवून दिलेलं. तो येऊन ओट्यावर बसला.

"मला काय वाटतच नाय रं," मोरू म्हणाला. "जगलो काय, मेलो काय."

"मला पन वाटायचं नाय. गोली घेत ऱ्हायलो. वाटायला लागंल तवा लागंल." मग तो मैनाकडे वळला. "वैनी, पिऊन आला तरी गोली द्यायची. दारू वाईट हाय, पन गोली चुकली तर त्याच्याहून वाईट."

मैनाने तांदळात हात घालून बाटली काढली. "मंग मीच मारत व्हते काय यांला?"

"नाय वैनी. माज्या घरी पन कुनीतरी असंच सांगितलेलं."

दारू सोड, असं साईनाथ एकदाही म्हणाला नाही. टेंपो लावल्यावर मोरूचे पाय गुत्त्याकडे वळायचे, नेमका तेव्हाच तो यायचा आणि दोघे पाताळगंगेवर गळ टाकून बसायचे. मासे बेताचेच मिळायचे. मोरूचं पिणं मात्र कमी होत गेलं. लांबचं भाडं असलं की गोळी घरी राहायची. बाटली खिशात खुळखुळली तर लोक विचारणार. म्हणून मोरूने तंबाखू सोडली, मला घासूनपुसून कोरडं केलं आणि माझ्यात गोळी ठेवली. डबीकडे कोण बघतंय! पण डबी सगळेच मागतात, हे काही त्याच्या लक्षात आलं नाही.

चुलत्याच्या घरी हळद होती. मोरूपुढे ग्लास आला, तो त्याने बाजूला सरकवला. गोळीची वेळ झालीच होती. तेवढ्यात चुलतभाऊ हिराजीने हात पुढे केला.

"डबी काढ रं."

मोरूचा हात खिशावरच राहिला. न द्यावी तर अपमान, द्यावी तर सगळं उघडं. त्याने मला दिलं. हिराजीने झाकण काढलं.

"ही कसली गोली?"

"माजी हाय. एचआयव्हीची." मोरूने ती उचलली आणि सगळ्यांदेखत पाण्याबरोबर गिळली.

हिराजीने मला झाकण न लावताच खाली ठेवलं आणि हात पँटीला पुसला. मला वाईट वाटलं. फार नाही, पण वाटलं.

आता मोरूचं अंग भरलं आहे. रक्तातला विषाणू मोजता येत नाही इतका कमी झाला, असं दवाखान्यात सांगितलं. मैनाने माझी चुन्याची बाजू खरवडून तिथे बडीशेप भरली आहे. मोरू ओळखीच्या माणसापुढे मला उघडून धरतो. लोक म्हणतात, "नको, अजून जेवायचं हाय." दुपारी जेवून उठलेलेही तेच म्हणतात.

मित्रांनो, हा आजार डबीला हात लावून होत नाही, एका ताटात जेवूनही होत नाही. तुम्हाला हे शाळेत शिकवलं असेल. मोठ्यांनाही ठाऊक आहे. तरी हात पुढे येत नाही. मोरू थोडा वेळ थांबतो, मग स्वतःच चिमूटभर तोंडात टाकून झाकण लावतो. तुम्हाला तो कधी भेटला, तर भूक लागलेली असली तरी बडीशेप घ्या.