ताईने दोर कापला

माझी ताई, एबिल, पलाऊ बेटांच्या प्रवाळखडकांवर पाहुण्यांना पाण्याखाली मासे दाखवायला नेते आणि मी तिची बोट चालवते. हे काम मुळात तिच्या नवऱ्याचं, ओइतेरोंगचं. तो वारला, तशी ताई त्याची हवेची टाकी पाठीला बांधून उतरू लागली.

बाहेरच्या कड्याशी एक म्हातारा मामल मासा राहायचा. माणसाएवढा लांब, निळाहिरवा, जाड ओठांचा, कपाळावर टेंगूळ, शेपटीला खाच. डोळा गरागरा फिरवून समोरच्याला न्याहाळायचा. ओइतेरोंगच्या खांद्याला खेटून पोहायचा, मग ताईच्या. "तुझे दाजी विचारत होते, जेवलीस का म्हणून," ती वर येऊन मला म्हणायची.

त्याला स्केबोंगने भाला मारला. हा ओइतेरोंगचा मावसभाऊ. मामल मारायला बंदी आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, पण कुणा बड्या पाहुण्याला ताटात तोच हवा होता. धक्क्यामागे ताईला शेपटी सापडली. खाच तीच.

"कुणी पाहिलं मला?" स्केबोंग दात कोरत म्हणाला. "आणि वहिनी, माशाचं सुतक पाळायचं का आता?"

ताई घरी येऊन सुरीला धार लावत बसली.

त्याच सुमारास स्केबोंगच्या घराण्याच्या बायका, रीतीप्रमाणे, नवा मुखिया निवडणार होत्या. नाव स्केबोंगचंच पक्कं होत आलं होतं. तोऱ्यात त्याला लहर आली, केमेदुकुलांचा मेळा बघायची. अमावास्येच्या आसपास हे टकरे मासे शेकड्यांनी जमतात. नेमकी जागा ताईला माहीत.

"चला की भावोजी," ताई म्हणाली. तिचा तो गोड आवाज ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

सकाळी दोघंच उतरली. खाली काय झालं ते ताईनेच सांगितलं. प्रवाह जोराचा. दोघांनी दोर बांधलेले आकडे खडकात अडकवले आणि दोराच्या टोकाला पतंगासारखी लोंबत राहिली. मग मासे आले. एकेक रेडकाएवढा. दातांनी प्रवाळ फोडल्याचा कडकडाट, दोन नरांची कपाळाला कपाळ भिडलेली टक्कर. घटकाभर ताई सगळं विसरली. तेवढ्यात स्केबोंगने सगळ्यात मोठ्या माशाकडे बघत भाला फेकल्याची खूण केली आणि हसला.

ताईने त्याचा दोर कापला.

ती एकटीच वर आली तेव्हा मी विचारलं, "भावोजी कुठायत?"

"तो बघ, नारळासारखा तरंगतोय. जाकिटात हवा आहे, बुडत नाही. लांबून मागे मागे चल. बोट दिसू दे त्याला, हाताला लागू देऊ नकोस."

ऊन चढलं. ताईने पानात गुंडाळलेला तारोचा कंद सोडून सावकाश खाल्ला. स्केबोंगने आधी आईबहीण काढली, मग धमक्या दिल्या, मग नुसतंच "वहिनी, वहिनी". दुपार कलली तेव्हा ताईने बोट जवळ घ्यायला लावली. मिठाने आणि उन्हाने त्याचे ओठ टरारून सुजले होते.

"आता शोभतोस खरा मामल," ताई म्हणाली. हातात वायरलेसचा माइक, बटण दाबलेलं. "कुणी मारला?"

"मी."

"मोठ्याने. पाण्यात ऐकू येत नाही."

"मी मारला! मामल मी मारला! वर घे, बाई!"

धक्क्यावरच्या प्रत्येक बोटीत ते ऐकू गेलं, आणि घराण्यातली सगळ्यात थोरली मावशी तिथेच मासळी निवडत बसली होती. मुखिया म्हणून नाव दुसऱ्याचं लागलं. चोरट्या शिकारीचं मावश्यांनी एकवेळ पोटात घातलं असतं. पण पाण्यात गयावया करणारा मुखिया त्यांना नको होता.

स्केबोंग आता आम्हाला बघून रस्ता बदलतो. कड्याशी मात्र मामल नाही. ताई वर येते, पण दाजींचा निरोप आता आणत नाही.

"फार झालं का गं ते?" एकदा मी भीतभीत विचारलं.

"झालंच," ती केस पिळत म्हणाली. "अंधार पडेपर्यंत ठेवायला हवा होता."