धोंड्याचा जावई

लेक-जावयाचं कोर्टात चाललेलं असताना सासूने जावयाला धोंड्याचं जेवण घालावं, असं कुठे ऐकलंय का? पण प्रकाशा गावच्या रंजनाबाईंनी घातलं. अधिक महिना तीन वर्षांनी एकदा येतो, त्यात जावई म्हणजे लक्ष्मीनारायण. त्याला तेहतीस अनारशांचं वाण दिलं नाही तर लेकीला दोष लागतो, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. आणि मनात एक वेडी आशाही होती. मानपान झाला, पोटभर जेवला, तर ललित पोरीला मागायचं सोडून देईल. भाविका आईजवळ राहील.

सहा वर्षांची भाविका दीड वर्षापासून आजोळीच होती. ताबा कोणाकडे, याची तारीख सोमवारी. वकिलाने लेकीला, हेमांगीला, दहादा बजावलं होतं, "तोवर पोरगी उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. एकदा हद्दीपलीकडे गुजरातेत गेली की परत आणता आणता तुमचे केस पिकतील." हेमांगी रोज आईला तेच सांगायची आणि मग लोणखेड्याच्या कॉलेजात कामावर जायची. धोंड्याचं मात्र आईने तिला कळूच दिलं नाही. कळलं असतं तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं.

शुक्रवारी अकराला नवापूरहून गाडी आली. ललित एकटाच उतरला. त्याचा भाऊ लखन स्टेअरिंगवरून हलला नाही. पाणी नको, चहा नको. रंजनाबाईंना ते खटकलं. त्याहून खटकलं ललितचं बोलणं. एरवी घरात अहिराणी बोलणारा माणूस आज साहेबासारखं शुद्ध बोलत होता. "कशा आहात आई? तब्येत बरी आहे ना?" मेल्या, तुझ्या जिभेला आज झालंय तरी काय, असं अगदी ओठांवर आलं त्यांच्या. पण सणाचा पाहुणा! त्यांनी त्याला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, वाण दिलं, पुरणाचे धोंडे वाढले.

तो मोजकंच जेवला. भाविका खुशीत त्याच्या मांडीवर चढून बसली होती. पोरीला बाप तो बाप, तिला काय कळतेय कोर्टकचेरी!

हात धुऊन ललित म्हणाला, "आई, भाविकाला महादेवाच्या दर्शनाला नेतो. अर्ध्या तासात परत."

रंजनाबाईंना वकिलाचं बजावणं आठवलं. पण वाण घेतलेल्या जावयाला त्याच दिवशी नाही म्हणायचं? त्यांच्या आईने कधी म्हटलं नव्हतं, आजीने तर नाहीच. शिवाय देवाचं नाव घेऊन कोणी खोटं बोलेल का?

"लई जा पाव्हना," त्या म्हणाल्या, "पन बेगीन या." आणि भाविकाला स्वतः उचलून गाडीत बसवलं.

गाडी देवळाकडे वळलीच नाही. सरळ हमरस्त्याला लागली. पुढून वळत असतील, असं त्या स्वतःलाच समजावत दारात उभ्या राहिल्या. एक वाजला, तीन वाजले. ललितचा फोन बंद.

साडेपाचला हेमांगी आली. पाट अजून तसाच मांडलेला, भोवती रांगोळी. तिने एकदा सगळ्या घरात पाहिलं.

"मन्ही पोर कोठे शे, माय?"

रंजनाबाईंनी सगळं सांगितलं, रडत, एकही शब्द न लपवता. हेमांगीने लगेच वकिलाला फोन लावला. वकील म्हणाला, "बापाने नेली म्हणून पोलीस हलणार नाहीत. ओढून नेली, असं तुमच्या आई सांगतील तर काहीतरी करता येईल."

रंजनाबाई जन्मात कोणाशी खोटं बोलल्या नव्हत्या. पण क्षणभरही न थांबता त्या म्हणाल्या, "सांगसू ना! मी आडवी झाली, मले ढकली दिन्हं, अन् पोरले वढी लई गया. जजसमोर सांगसू. लागो मले पाप!"

तेवढ्यात हेमांगीच्या मोबाईलवर ललितचा मेसेज आला. "भाविका सूरतला सुखरूप पोहोचली. आईंचे आभार." खाली फोटो होता, गाडीच्या आतून काढलेला. उघड्या दारातून वाकून रंजनाबाई भाविकाला सीटवर बसवत होत्या, आणि तोंडभर हसत होत्या.

हेमांगीने फोटो मोठा करून पाहिला. मग तिने मोबाईल आईच्या हातात दिला.

"आते तुले खोटं बी बोलता येवाव नही, माय."